भावकीत नाही, म्हणजे वंशात नाही?

“आमच्या घरात आजवर कुणाला असलं काही झालेलं नाही, मग हे आनुवंशिक कसं असेल?” बेगडेवाडी, शेलारवाडी, सोमाटणे, तळेगाव, मावळात कुठेही विचारा. मानेतल्या गाठीचं निदान ऐकलेला माणूस, शिकलेला असो वा नसो, हेच म्हणतो. पुष्कळदा डॉक्टरही ते उत्तर ऐकून केसपेपरवर ‘फॅमिली हिस्टरी : निल’ असं लिहितात आणि पुढच्या तपासणीकडे वळतात. घरच्यांच्या आठवणीत रोग नाही, म्हणजे तो घराण्यातून आलेला नाही, हा समज इतका सरळ वाटतो की त्याला कुणी पुरावा मागत नाही. डोक्याच्या आणि मानेच्या काही गाठींच्या बाबतीत हा समज साफ चुकीचा आहे. त्या गाठींचा सगळ्यात ठळक आनुवंशिक प्रकार अनेकदा अशाच घरात उगवतो, जिथे मागच्या पिढीत तो कुणालाच झालेला नसतो. हे कसं घडतं आणि ते माहीत असणं का गरजेचं आहे, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

आधी वादाची हद्द आखून घेऊ. तोंडाचा कॅन्सर हा या लेखाचा विषय नव्हे. गालाचा, जिभेचा, हिरडीचा कॅन्सर आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणात तंबाखू, गुटखा, सुपारी आणि मिश्रीमुळे होतो. एका घरात सासू आणि सून अशा दोघींना तो झाला, की लोक ‘घराण्यातच आहे’ म्हणून मोकळे होतात. सासू-सुनेचं तर सहसा रक्ताचं नातंही नसतं. दोघींत सामाईक असते ती मिश्रीची डबी. म्हणजे आपल्याकडे उलटा न्याय चालतो. आनुवंशिकतेचा वाटा जिथे थोडा, तिथे सगळा दोष तिच्या माथी मारायचा. आणि ती जिथे खरोखर मुळाशी आहे, तिथे ती नाकारायची.

ज्या गाठींविषयी बोलायचं आहे त्यांना पॅरागँग्लिओमा म्हणतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या बोलण्यात ‘ग्लोमस’ हे जुनं नावही आहे. जबड्याच्या कोनाखाली, मेंदूकडे रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी दुभागते. त्या बेचक्यात काही मिलिमीटरचा एक अवयव असतो, कॅरॉटिड बॉडी. रक्तातला प्राणवायू कमी झाला की मेंदूला तशी खबर देणं आणि श्वास वाढवायला लावणं, हे त्याचं काम. रक्तवाहिन्यांमधल्या अशा ठिकाणांचा श्वासाच्या नियमनाशी असलेला संबंध दाखवल्याबद्दल बेल्जियमच्या कोर्नेय हेमान्स यांना १९३८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. या अवयवातून, किंवा कानाच्या आत आणि कवटीच्या तळाशी असलेल्या त्याच जातीच्या पेशींतून ही गाठ वाढते. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते. दुखत नाही. वाढते तीही फार सावकाश: नेदरलँड्समधल्या लायडेनच्या डॉक्टरांनी मोजणी केली तेव्हा वाढीचा मध्यम वेग वर्षाला सुमारे एक मिलिमीटर भरला.

जाणत्या डॉक्टरला ती बोटांनीही ओळखता येते. चाचपून पाहिलं तर गाठ आडवी हलते, वरखाली हलत नाही, कारण ती धमनीच्या दुभाग्याला बिलगलेली असते. बोटाखाली ठोके लागतात. गाठ कानात असेल, तर रात्री उशीवर डोकं टेकलं की स्वतःच्याच नाडीचे ठोके त्या कानात ऐकू येतात, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर पडद्याआड लालसर डाग दिसतो. आपल्याकडे मानेला गाठ आली की पहिला संशय टीबीचा. तो संशय रास्त आहे, कारण भारतात फुप्फुसाबाहेरचा टीबी बहुधा लसिकाग्रंथींतच आढळतो. पण त्याच सवयीने, ठोके देणाऱ्या गाठीत आधी सुई घालणं धोक्याचं असतं. ही गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते. तिथे सुईच्या आधी डॉप्लर सोनोग्राफी हवी.

पूर्वपक्ष

खंडन करायचं तर समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवं. हा समज अडाणीपणातून आलेला नाही. त्याच्यामागे तीन भक्कम वाटणारे आधार आहेत.

पहिला आधार शाळेतल्या विज्ञानाचा. मेंडेलचा नियम सांगतो की प्रभावी दोष पिढी गाळत नाही. आईबापांपैकी एकाला असेल तर मुलांपैकी निम्म्यांना येण्याची शक्यता, आणि आईबाप दोघेही निर्दोष असतील तर मुलंही निर्दोष. मग वडील साठीला धडधाकट, आई धडधाकट, आजोबा नव्वदीला गेले, अशा घरात आनुवंशिक रोग येणार कुठून?

दुसरा आधार गावाच्या आठवणीचा. शहरातल्या माणसाला चुलत आजोबांचं नावही ठाऊक नसतं; मावळातल्या वाडीत तसं नाही. भावकी शेजारी शेजारी नांदते. कोण कशाने गेलं, कुणाच्या अंगावर कुठे काय होतं, हे दहाव्या-तेराव्याला पुन्हा पुन्हा बोललं जातं. अशा आठवणीतून पिढ्यान्‌पिढ्यांचा रोग निसटेल, हे पटायला कठीण.

तिसरा आधार हवापाण्याचा. एका घरात दोघा-तिघांना गाठी झाल्या तरी ते एकच पाणी पितात, एकाच हवेत राहतात, मग वंशाला दोष कशाला द्यायचा? या म्हणण्याला वैद्यकातूनही बळ मिळतं. पेरूमधल्या अँडीज पर्वतात आणि समुद्रसपाटीपासून सव्वादोन किलोमीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत राहणाऱ्यांत कॅरॉटिड बॉडीच्या गाठी जास्त आढळतात. विरळ हवेत हा अवयव जन्मभर जास्त राबतो आणि वाढतो. म्हणजे हवेने गाठ होते, हे खुद्द डॉक्टरच सांगतात.

तिन्ही मुद्दे वजनदार आहेत. आता एकेक तपासू.

खंडन

मेंडेलच्या नियमाला इथे एक मोठा अपवाद आहे, आणि तो १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. लायडेनचे व्हॅन डर मे आणि त्यांचे सहकारी अशा गाठींच्या डच घराण्यांच्या वंशावळी तपासत होते. त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली: गाठ झालेल्या माणसांना दोष वडिलांकडून आलेला होता. गाठ असलेल्या बाईच्या मुलांना गाठ होत नव्हती, पण त्यांपैकी मुलग्यांच्या पुढच्या पिढीत ती पुन्हा उगवत होती. दोष आईकडून आला तर तो रक्तात राहतो, पुढेही जातो, पण गाठ करत नाही. याला अपवाद आढळले आहेत, मात्र फारच क्वचित. पुढे २००० साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या बोरा बायसाल आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये त्या दोषाचं ठिकाण सांगितलं: अकराव्या गुणसूत्रावरचं एसडीएचडी नावाचं जनुक.

असं का होतं, याचं सध्या सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण थोडक्यात असं. गाठ व्हायला पेशीतली या जनुकाची चांगली प्रतही नाहीशी व्हावी लागते. अकराव्याच गुणसूत्राच्या दुसऱ्या भुजेवर वाढीला आवर घालणारा एक भाग असतो आणि तो आईकडून आलेल्या प्रतीतच जागा असतो. दोष वडिलांकडून आला असेल, तर आईकडचं अख्खं गुणसूत्र एकदा गळालं की चांगली प्रत आणि तो आवर, दोन्ही एका फटक्यात जातात. दोष आईकडून आला असेल, तर त्यासाठी दोन वेगवेगळे अपघात एकाच पेशीत घडावे लागतात, आणि तसं सहसा घडत नाही.

हा नियम मराठी घरात बसवून पाहू. समजा, बेगडेवाडीतल्या एका पस्तिशीच्या तरुणाच्या मानेत अशी गाठ निघाली. वडील, चुलते, आजोबा, चुलत आजोबा, सगळे या रोगापासून मुक्त. भावकीत नाव नाही. पण आजी या घरात सून म्हणून आली ती आंदर मावळातून, आणि दोष तिच्या रक्तात होता, तिच्या वडिलांकडून आलेला. तिला स्वतःला गाठ होऊ शकत होती. कदाचित झालीही असेल, पण वर्षाला मिलिमीटरभर वाढणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठीकडे त्या काळात कोण बघणार? तिने तो दोष मुलाला दिला. मुलाला तो आईकडून मिळाला म्हणून तो आयुष्यभर निरोगी राहिला. त्याने तो आपल्या मुलाला दिला. आता तो वडिलांकडून आला होता, म्हणून गाठ झाली.

या घरात रोगाची नोंद कुठे सापडेल? वडिलांच्या भावकीत नाही, आईच्या माहेरी नाही. ती सापडेल आजीच्या माहेरी, म्हणजे वडिलांच्या आजोळी. तिथे वडिलांच्या मामाला, मामेभावाला किंवा मामेबहिणीला मानेत गाठ, आवाज बसलेला, एका कानाने ऐकू न येणं, असलं काही असू शकेल. ‘घरात कुणाला आहे का?’ असं विचारल्यावर वडिलांचं आजोळ कुणाच्या मनात येतं? आपल्या बोलण्यातल्या ‘घरात’ ते मोजलंच जात नाही.

बेगडेवाडीला पुणे-लोणावळा लोकल थांबते. मुंबईकडे धावणाऱ्या एक्स्प्रेस गाड्या न थांबता निघून जातात. गाडी थांबली नाही म्हणून ती बेगडेवाडीवरून गेलीच नाही, असं तिथला कुणीही म्हणणार नाही. एसडीएचडीचा दोष निरोगी वडिलांमधून असाच जातो. मेंडेलने सांगितलेलं वाटप इथेही बरोबर चालतं, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. जातो तो दोष. रोग कुठे दिसेल हे मात्र तो कुणाकडून आला यावर ठरतं. पूर्वपक्ष दोष आणि रोग यांना एक समजतो. त्याची पहिली चूक ही.

आता गावाच्या आठवणीचं पाहू. ती आठवण तीव्र असते, हे खरं. पण ती कशाची आठवण असते? आपली वंशावळ बापाकडून मुलाकडे उतरते. जुन्या कुलवृत्तांतात मुलीचं नाव आलं तर तिच्या लग्नापर्यंत येतं, सासरचं गाव आणि आडनाव लिहिलं की ती रेषा तिथेच संपते. लग्न ठरवताना गोत्र पाहतात, देवक पाहतात. तेही पुरुषांच्याच रेषेने चालतं. जमीन, आडनाव, कुलदैवत सांभाळायला हा हिशेब पुरतो, पण शरीराला तो मान्य नाही. प्रत्येक माणसाच्या पेशीत आजोबांइतकाच आजीचाही वाटा असतो. ज्या रोगाची वाट नेमकी सुनेच्या रूपाने घरात शिरते आणि लेकीच्या रूपाने घराबाहेर पडते, तो रोग टिपायला पुरुषांची वंशावळ सगळ्यात निकामी साधन आहे. भावकीची आठवण कितीही पक्की असली तरी ती चुकीच्या दिशेला पाहत असते.

आपल्या सोयरिकींमुळे हा गुंता आणखी वाढतो. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरच्या ग्रंथात, मामाच्या मुलीशी लग्न करण्याला महाराष्ट्रात अनेक जातींत पसंती असल्याचं दाखवलं आहे. अशा घरात वडिलांचं आजोळ आणि वडिलांची सासुरवाडी एकच असते. समजा, अशा घरातल्या तरुणाला गाठ झाली आणि त्याच्या मामालाही आहे. सगळे म्हणणार, रोग आईकडून आला. पण एसडीएचडीचा दोष आईकडून आला असता तर त्याला गाठ झालीच नसती. तो त्याच घरातून, पण आजी आणि वडील या वाटेने आलेला असणार. हा बारकावा लक्षात घेतला नाही, तर तरुणाच्या चुलत्यांना ‘तुमचा याच्याशी संबंध नाही’ असं सांगून घरी पाठवलं जाईल. खरे वाहक तेच असू शकतात आणि धोका त्यांच्या मुलांना असू शकतो. नातं वरवर पाहून काढलेला निष्कर्ष इथे माणसाला थेट इजा करतो.

आठवणीचा आणखी एक दुबळेपणा आहे. माणूस कशाने गेला याची लोकांनी ठेवलेली नोंद आणि खरं कारण यांत फार अंतर असतं. याच जातीच्या काही गाठी पोटात, मूत्रपिंडाजवळ होतात आणि रक्तदाब एकाएकी भडकवणारी द्रव्यं रक्तात सोडतात. ऑपरेशनच्या टेबलावर किंवा बाळंतपणात अशा माणसाचा जीव जाऊ शकतो. घरचे सांगतात, ‘बीपी वाढून गेला’, ‘झटका आला’. मानेतली गाठ आणि पोटातली ही गाठ एकाच जनुकाची करणी असू शकते, हे दहाव्याला जमलेल्या माणसांना कळणार कसं?

तिसरा मुद्दा हवापाण्याचा. उंचीचा परिणाम होतो, हे मी मान्य करतो. वडिलांकडून दोष आलेल्या माणसांमध्येही जास्त उंचीवर राहणाऱ्यांत रोग अधिक ठळक दिसतो, असं २००३ मध्ये बायसाल यांच्या गटाने दाखवलं. पण हवा हेच मूळ कारण असतं, तर अशी घराणी जास्त कुठे सापडली असती? उंच डोंगरांत. प्रत्यक्षात ती मोठ्या संख्येने सापडली नेदरलँड्समध्ये, जिथला बराचसा मुलूख समुद्रसपाटीच्या खाली आहे. कारण तिथे काही मोजके दोष जुन्या पूर्वजांपासून पसरत गेले. डोंगराची हवा नसताना केवळ वंशाने गाठ होऊ शकते, याला यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही. मावळ तर अँडीज नव्हे. लोणावळ्याची उंची साधारण सव्वासहाशे मीटर.

आणि हवा व वंश हे दोन वेगळे पक्षही नाहीत. एसडीएचडी हे जनुक पेशीच्या मायटोकाँड्रियातल्या, प्राणवायू वापरून ऊर्जा करणाऱ्या यंत्रणेचा एक भाग बनवतं. तो भाग बिघडला की सक्सिनेट नावाचं द्रव्य साचतं आणि भरपूर प्राणवायू असतानाही पेशी तो कमी असल्यासारखी वागू लागते. प्राणवायूची जाणीव पेशीला कशी होते, हे शोधणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. ही गाठ त्याच यंत्रणेतली बिघाडाची जागा आहे. अँडीजमधल्या माणसाच्या कॅरॉटिड बॉडीला खरोखर प्राणवायू कमी पडतो. या दोषाच्या माणसात तो पुरेसा असून तिला तसं भासतं. परिणाम एकाच दिशेचा.

मौनाची इतर कारणं

वरचा नियम एसडीएचडीचा आहे. सगळ्या आनुवंशिक गाठींचा नव्हे. एसडीएचबी या भावंड-जनुकातला दोष आईकडून येवो वा वडिलांकडून, गाठ करू शकतो, आणि त्या गाठी कॅन्सरचं रूप घेण्याचा धोका जास्त. पण तो असलेल्या सगळ्यांनाच गाठ होते असं नाही. कित्येक जण निरोगीच म्हातारे होतात. थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर साधारण चारांतल्या एका रुग्णात आनुवंशिक असतो. त्याचं रेट हे जनुक १९९३ मध्ये ओळखलं गेलं, पण काही घरांत त्यातला दोष उशिरा बोलतो. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी करणाऱ्या एनएफ२ विकारात जवळपास निम्म्या रुग्णांत दोष नव्याने, त्याच पिढीत निर्माण झालेला असतो. तिथे आईबापांत काहीच सापडत नाही, तरी पुढच्या पिढीला मात्र तो जाऊ शकतो. दोष मूक राहणं, उशिरा बोलणं, किंवा नव्यानेच जन्मणं, यांपैकी प्रत्येक कारणाने वंशावळ कोरी दिसते.

आणि हे नुसतं तर्काने सांगायचं कारण नाही, मोजून पाहिलेलं आहे. २००२ मध्ये जर्मनी आणि पोलंडमधल्या २७१ रुग्णांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. याच जातीच्या, बहुतेक करून अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठी, आणि घरात रोगाचा इतिहास नसलेलेच रुग्ण निवडलेले. त्यांपैकी ६६ जणांत, म्हणजे जवळपास चौथ्या हिश्शात, आनुवंशिक दोष सापडला. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल, तर मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अंतःस्रावी विभागाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला १५० भारतीय रुग्णांचा अभ्यास पाहावा. तिथे सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत असा दोष मिळाला. रुग्णाला केवळ ‘घरात कुणाला आहे का?’ विचारून थांबणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवावेत.

शंका आणि समाधान

इथपर्यंत पटलेला वाचकही तीन शंका घेईल. त्या टाळणं बरोबर नाही.

पहिली: आनुवंशिक असो वा नसो, गाठ काढायचीच ना, मग फरक काय? फरक फार मोठा आहे. आनुवंशिक गाठी अनेकदा एकापेक्षा जास्त असतात, मानेच्या दोन्ही बाजूंना असू शकतात. एका बाजूची काढताना गिळण्याची किंवा आवाजाची नस दुखावली, तर माणूस कसाबसा भागवतो. दोन्ही बाजूंची दुखावली तर बोलणं आणि जेवण दोन्ही जाऊ शकतं. दोन्हीकडचे कॅरॉटिड बॉडी आणि भोवतालच्या नसा गेल्या, तर रक्तदाबावरचा ताबाच सुटतो, तो कधी आकाशाला भिडतो तर कधी कोसळतो. म्हणून दोष माहीत असलेला सर्जन आधी दुसरी बाजू पाहतो, कुठली काढायची, कुठलीवर नुसती नजर ठेवायची हे ठरवतो. सावकाश वाढणाऱ्या गाठीत न कापणं हाही उपचार असतो. रुग्ण तळेगावच्या मायमरमध्ये जावो, पिंपरीच्या वायसीएममध्ये की ससूनला, हा निर्णय पहिल्या कापाआधीच व्हायला हवा.

दुसरी: कळून घरच्यांच्या डोक्याला ताप, शिवाय खर्च. पहिल्या रुग्णाची तपासणी महाग पडते, कारण अनेक जनुकं धुंडाळावी लागतात. दोष कुठे आहे हे एकदा कळलं की नातेवाइकांची तपासणी त्या एकाच जागेची असते आणि तिचा खर्च खूपच कमी. ज्याला दोष नाही निघाला, तो आणि त्याची मुलं कायमची मोकळी. ज्याला निघाला, त्याला वर्षातून एकदा रक्ताची किंवा लघवीची तपासणी आणि दोन-तीन वर्षांनी एमआरआय, असा आखलेला रस्ता आहे. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी त्याची एकमताने मांडणी केली. एसडीएचडीचा दोष आईकडून आलेल्यांना सहसा नियमित तपासणीची गरज मानली जात नाही. त्यांनी फक्त हे लक्षात ठेवायचं की आपल्यात पुरुष वाहक असेल तर त्याच्या मुलांची चौकशी व्हायला हवी. न कळण्यात जो ताप आहे तो यापेक्षा मोठा; तो फक्त उशिरा येतो.

तिसरी शंका सगळ्यात खोल आणि तिच्याविषयी लोक हळू आवाजात बोलतात: ‘बाहेर कळलं तर मुलीचं लग्न कसं जमायचं?’ ही भीती खोटी नाही. पण तिच्या पोटातला अन्याय बघा. आपला समाज दोषाचा संशय आला की आधी मुलीकडे बोट दाखवतो. एसडीएचडीच्या बाबतीत तर लेकीच्या मुलांना गाठीचा धोका जवळपास नसतो. तो असतो मुलाच्या मुलांना. म्हणजे ज्या स्थळाला नकार द्यायचा त्याचं गणितच उलटं आहे. नकार कुणालाच द्यायचं कारण नाही, कारण हा रोग वेळेत कळला तर त्याच्यासह नीट जगता येतं. पण ‘सुनेने रोग आणला’ म्हणून एखाद्या घरात बोलणी खाणाऱ्या बाईच्या बाजूने हे शास्त्र उभं राहतं, हे ठासून सांगायला हवं. दोष आणणं हा कुणाचा गुन्हा नसतो. तो तिलाही कुणीतरी दिलेला असतो, आणि बहुतेकदा तो देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तपासणीचा निकाल हा त्या व्यक्तीचा असतो, भावकीच्या चर्चेचा नव्हे. तो गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे आणि तो कुणाला सांगायचा हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा.

मंडन

खंडनाने जागा मोकळी होते. तिथे काय उभं करायचं, हेही सांगायला हवं. माझं म्हणणं असं: डोक्या-मानेतल्या या गाठींमध्ये कोरी वंशावळ हा पुरावा मानू नये. ती फक्त न विचारलेल्या प्रश्नांची यादी आहे. पॅरागँग्लिओमाच्या प्रत्येक रुग्णाला, घरात कुणाला असो वा नसो, जनुकीय सल्ला आणि तपासणीचा पर्याय मिळायला हवा, आणि तो पहिल्या शस्त्रक्रियेआधी मिळायला हवा.

दुसरं, विचारायची पद्धत बदलावी. ‘घरात कुणाला आहे का?’ हा प्रश्न इथे निकामी आहे. त्याऐवजी नावानिशी विचारावं: वडिलांच्या आईचं माहेर कुठलं? तिचे भाऊ, त्यांची मुलं, यांच्यात कुणाच्या मानेत न दुखणारी गाठ होती का? कुणाला एका कानात ठोके ऐकू येत होते का, आवाज घोगरा होऊन तसाच राहिला होता का, तरुणपणी बीपी होतं का, ऑपरेशनच्या वेळी किंवा बाळंतपणात कुणी दगावलं का? आईवडिलांचं लग्न नात्यात झालं आहे का, आणि कुठल्या नात्यात? गावातल्या आशाताईंना घरोघरीच्या सोयरिकी माहीत असतात. हे प्रश्न त्यांच्याही हाती द्यावेत. आंदर मावळातली आजी कुठून आली आणि तिच्या भावाला काय झालं होतं, हे त्यांच्याइतक्या चटकन कुठलाही केसपेपर सांगू शकणार नाही.

तिसरं, जनुकाचं नाव कळल्याशिवाय कुणालाही निर्धास्त करू नये. एसडीएचडी असेल तर बहिणीच्या मुलांना धीर देता येतो. एसडीएचबी असेल तर तो धीर खोटा ठरतो. दोष असलेल्या पुरुषाची मुलं आणि मुली, दोघांचीही विचारणा व्हावी. दोष असलेल्या बाईला तो वडिलांकडून आला असेल, तर तिची स्वतःची तपासणी व्हावी. तिच्या मुलांबद्दल जनुक पाहून बोलावं.

आणि शेवटी, आपल्या कुलवृत्तांतांत, घरगुती वंशावळीत, मुलींच्या पुढच्या पिढ्या लिहायला सुरुवात करावी. हे काम डॉक्टरांचं नाही, आपलं आहे. लेकीच्या रेषेवर सासरच्या आडनावाची रेघ ओढून ती बंद करण्याची सवय आपल्याला अपुऱ्या माहितीत ठेवते, आणि या रोगात तिची किंमत नातवाला मोजावी लागते. ज्या घराने आजीच्या माहेराची नीट चौकशी केली, त्या घरात पुढची गाठ लहान असतानाच सापडेल. ज्या घराने ‘आमच्यात नाही’ म्हणून दार लावलं, त्या घरात ती मोठी होईपर्यंत कुणाला कळणार नाही. निवड आपल्या हातात आहे आणि ती करायला आज लागतो एक नेमका प्रश्न आणि थोडंसं रक्त.